विरंगुळा केंद्र : चालवायचे कोणी?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पार आहे. सकाळी ऊन चढेपर्यंत आणि संध्याकाळी दिवे लागेपर्यंत तेथे सात-आठ म्हातारी माणसे बसलेली असतात. द्राक्षाला यंदा काय दर आला, बेदाण्याचा सौदा कितीला झाला, कोणाची मोटर जळाली, कोणाचा मुलगा सुट्टीला आला, असे विषय चाललेले असतात. लहानपणापासून त्या पारावरूनच मी शाळेला गेले आणि आता कॉलेजला जाते. परवा प्रथमच माझ्या ध्यानात आले की, इतक्या वर्षांत त्या पारावर एकही म्हातारी बाई बसलेली मी पाहिलेली नाही.

मग म्हाताऱ्या बायका असतात तरी कोठे? माझी आजी बहात्तर वर्षांची आहे. तीस वर्षे ती बेदाण्याच्या शेडवर काड्या-खडे निवडायला जात होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांना काडी दिसेनाशी झाली आणि शेडवरचे बोलावणे बंद झाले. तेव्हापासून आई-वडील कामावर गेले आणि मी कॉलेजला निघाले की, ती उंबऱ्यात बसते. आम्ही परत येतो तेव्हाही ती उंबऱ्यातच असते. मधल्या आठ-नऊ तासांत ती कोणाशी बोलली, असे विचारले तर म्हणते, "कुणाशी बोलू? कोंबड्यांशी?"

हा लेख त्या आठ-नऊ तासांविषयी आहे.

म्हातारपण हा विषय निघाला की, आपल्या वार्षिक अंकांतून आणि वक्तृत्व स्पर्धांतून एकच सूर लागतो. एकत्र कुटुंब मोडले, मुले बिघडली, वृद्धाश्रम वाढले, श्रावणबाळाच्या देशात हे काय चालले आहे! हा सूर मला पटत नाही. माझ्या वडिलांनी आजीला टाकलेले नाही. ते तिला औषध आणतात, रात्री तिच्याजवळ बसतात. पण सकाळी आठला त्यांना दुसऱ्याच्या द्राक्षबागेत हजर राहावे लागते. आमच्या तासगाव, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातली कितीतरी माणसे सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरलेली आहेत. त्यांचे आईवडील येथे मोठ्या घरांत दोघेच राहतात. मुलगे पैसे पाठवतात, फोन करतात, दिवाळीला येतात. यांतला कोणीही दुष्ट नाही. तरीही दुपारी बारा वाजता ते म्हातारे जोडपे एकटेच असते. ज्या दुःखाला अपराधी नसतो, त्यावर व्याख्यान देऊन उपयोग नसतो. त्यावर व्यवस्थाच करावी लागते.

ही माणसे थोडीथोडकी नाहीत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात साठ वर्षांवरील माणसे सुमारे १० कोटी ३८ लाख होती, आणि महाराष्ट्रात दर शंभरांत जवळजवळ दहा. त्यानंतर हे प्रमाण वाढतच गेलेले आहे.

शासनाने काही केले नाही असेही नाही. ज्येष्ठांचे राष्ट्रीय धोरण १९९९ साली आले, महाराष्ट्राचे धोरण २०१३ साली आले. २००७ च्या कायद्याने आईवडिलांचा सांभाळ हे मुलांचे कायदेशीर कर्तव्य ठरवले, आणि दर जिल्ह्यात दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा किमान एक वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद केली. श्रावणबाळ योजनेत दरमहा १,५०० रुपये मिळतात. २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी. पूर्ण मोफत आहे. २०२४ च्या वयोश्री योजनेत चष्मा, काठी, कानाचे यंत्र यांसाठी ३,००० रुपये ठेवले आहेत. या सर्वांबद्दल कृतज्ञ असावे. पण नीट पाहिले तर यांतले प्रत्येक साहाय्य म्हाताऱ्या माणसाच्या हातात काहीतरी देते, आणि ते घेऊन त्याने जायचे कोठे, हे मात्र सांगत नाही. आजीचा एस.टी.चा प्रवास उद्या मोफत होईल. पण तिला सांगलीला जायचे नाही. तिला गल्लीच्या टोकापर्यंत जायचे आहे, आणि तेथे तिच्यासाठी काही नाही.

यावर उत्तर म्हणून विरंगुळा केंद्राची कल्पना पुढे आली. पुणे, ठाणे यांसारख्या शहरांत महानगरपालिकांनी अशी केंद्रे बांधली. लहान गावांतूनही आता तशी मागणी होते. ती योग्यच आहे. पण मागणी करताना आपण फक्त इमारत मागतो. जागा कोठे, खोल्या किती, फरशी कोणती, उद्घाटनाला कोण, येथपर्यंत सर्वांना उत्साह असतो. ते केंद्र दुसऱ्या दिवशी सकाळी उघडणार कोण, हा प्रश्न कोणी विचारत नाही. मग केव्हातरी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात जाहिरात येते : केंद्र चालविण्यास इच्छुक संस्थांनी अमुक तारखेपर्यंत प्रस्ताव सादर करावेत. माझ्या मते त्या केंद्राचे सारे भवितव्य त्या बारीक टाइपात असते.

एका गावात मी अशी एक इमारत पाहिली आहे. नाव सांगत नाही, कारण तशी गावे अनेक असतील. दारावर संगमरवरी पाटी, आत दोन कॅरम बोर्ड, एक कपाट आणि दाराला कुलूप. किल्ली कोणाकडे, असे विचारले तर तीन जणांची नावे निघाली. खिडकीतून पाहिले तेव्हा आत मंडपाचे बांबू आणि खताची पोती ठेवलेली दिसली. बाहेरच्या पायरीवर मात्र दोन म्हातारे सावलीला बसले होते. केंद्राचा उपयोग होत होता, तो एवढाच!

तेव्हा चालवायचे कोणी? ढोबळ मानाने तीन वाटा दिसतात.

पहिली वाट म्हणजे नगरपरिषदेने स्वतः चालवावे. पण नगरपरिषदेच्या माणसाला पाणीपट्टी वसूल करायची असते, कचरा उचलायचा असतो, निवडणुकीच्या याद्या करायच्या असतात. त्याची बदली झाली की केंद्रही अनाथ होते. जागा, वीज आणि पैसा तिने जरूर द्यावा. म्हाताऱ्या माणसाचे रोजचे रडगाणे ऐकणे हे मात्र खात्याचे काम नव्हे.

दुसरी वाट म्हणजे निविदा काढून सर्वांत कमी दराच्या ठेकेदाराला देणे. रस्त्याच्या कामाला ही पद्धत ठीक आहे. डांबराची जाडी फुटपट्टीने मोजता येते. पण आलेल्या म्हातारीला नावाने हाक मारली की नाही, हे कोणत्या पट्टीने मोजणार? बरे, हजेरीवर पैसे द्यावेत, तर हजेरीपट भरतो आणि केंद्र रिकामे राहते. कमी दराचा ठेका घेणारा माणूस शेवटी पैसे वाचवणार कोठे? चहात आणि माणसात. चहा पातळ होईल हे एक वेळ चालेल. पण रोज नवा चेहरा दारात दिसू लागला, तर म्हातारी माणसे चौथ्या दिवशी यायची थांबतील.

तिसरी वाट म्हणजे सेवाभावी संस्था किंवा ज्येष्ठ नागरिक संघ. ही वाट मला सर्वांत जवळची वाटते. १९९२ पासून केंद्र सरकार ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या संस्थांना अनुदान देत आले आहे. आता ती योजना अटल वयो अभ्युदय योजनेत आली आहे. आपल्या राज्यात ज्येष्ठ नागरिक संघांचा महासंघ, म्हणजे फेस्कॉम, १९८० पासून काम करीत आहे. निवृत्त शिक्षक, कारकून, बँकेतली माणसे एकत्र येतात, वाढदिवस साजरे करतात, व्याख्याने ठेवतात, आरोग्य शिबिरे घेतात. त्यांचा हिशेब चोख असतो. याबद्दल आदर ठेवूनच एक शंका मांडते. निवृत्त होण्यासाठी माणसाला आधी नोकरी असावी लागते. माझी आजी कशातून निवृत्त झाली? तिला ना पेन्शन, ना निरोप समारंभ. तिचे काम सुटले, एवढेच. ज्याला वर्तमानपत्र वाचता येते त्याच्यासाठी वाचनकक्ष ठीक आहे. जिला वाचता येत नाही, जी कधी खुर्चीवर बसून पुरुषांसमोर बोललेली नाही, ती त्या कक्षात पाऊल तरी टाकील काय?

मी हे आजीलाच विचारून पाहिले. म्हटले, "आजी, आपल्याकडं म्हाताऱ्या माणसांसाठी केंद्र झालं, तर जाशील का?"

तिने विचारले, "तिथं काम काय असतंय?"

"काम काही नसतं. बसायचं, बोलायचं, भजन करायचं, विरंगुळा."

"बिनकामाचं कुणाच्या दारात बसायचं? लोक काय म्हणतील? म्हातारीला घरात जड झाली म्हणून हितं आणून सोडली?"

मला वाटते, या दोन प्रश्नांची उत्तरे ज्या प्रस्तावात नसतील तो प्रस्ताव कितीही सुबक टाइप केलेला असला, तरी बाजूला ठेवावा. विरंगुळा हा शब्द ज्यांना फुरसत ठाऊक आहे त्यांचा आहे. ज्या बाईने आयुष्यभर हात चालवले, तिला रिकामे हात घेऊन बसवणे ही विश्रांती नव्हे, शिक्षा आहे. तिच्यासाठी केंद्रात शेंगा फोडायला असाव्यात, वाती वळायला असाव्यात, गोधडी शिवायला असावी. आणि त्या कामाचे चार पैसे तिच्या हातात पडावेत. म्हणजे घरी सांगताना ती म्हणेल, "मी केंद्रावर जाऊन आले." त्या 'जाऊन आले' मध्ये मान आहे.

दुसरी गोष्ट कागदांची. श्रावणबाळ योजनेत दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. गेल्या वर्षी आजीला घेऊन मी एका ठिकाणी गेले. यंत्रावर तिचा अंगठा उठेना. डावा झाला, उजवा झाला, सगळी बोटे झाली. बेदाणा निवडून, भांडी घासून, भांगलून तिच्या बोटांच्या रेषाच पुसून गेल्या आहेत. समोरचा माणूस म्हणाला, "पुढच्या आठवड्यात या." असे आम्ही तीनदा गेलो. दर वेळी माझा एक तास बुडाला आणि वडिलांची अर्ध्या दिवसाची मजुरी. जिला नात कॉलेजला नाही, तिचे कोण जाते? केंद्रात आठवड्यातून एक दिवस हे कागद पाहणारा माणूस बसला आणि रक्तदाब, साखर तपासणारी परिचारिका आली, तर बायका भजनाला नाही आल्या तरी त्या दिवशी नक्की येतील. एकदा आल्या म्हणजे पुन्हा येतील.

इतर ठिकाणी हे कसे झाले, तेही थोडक्यात पाहू. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९४३ साली ज्येष्ठांसाठी दिवसाचे केंद्र निघाले. ते तेथले पहिले असे केंद्र मानले जाते. आज त्या शहरातली बहुतेक केंद्रे बिगर-नफा संस्था चालवतात, आणि पैसा शहर देते. करार काही वर्षांचा असतो, त्यामुळे माणसे टिकतात. आपल्या केरळात ग्रामपंचायतींनी 'पकल वीडू' काढली. या शब्दाचा अर्थच 'दिवसाचे घर'. सकाळी यावे, संध्याकाळी आपल्या घरी जावे. वृद्धाश्रम माणसाला घरातून काढतो. दिवसाचे घर त्याला घरात राहू देते. आणि आपल्याच राज्यात, ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती काढली. गुलाबी लुगडी नेसून, दप्तर घेऊन आज्या दुपारी दोन तास शाळेत येऊ लागल्या. वेळ दुपारची ठेवली, कारण सकाळी आणि संध्याकाळी आज्यांना घरची कामे असतात. ही एवढी साधी गोष्ट ज्याला कळली, त्याचीच शाळा भरते. 'लोक काय म्हणतील' या प्रश्नाचेही उत्तर तेथे मिळते. शाळेला जाणाऱ्या आजीला कोणी 'आणून सोडली' असे म्हणत नाही.

यावरून माझी सूचना अशी. केंद्र एकाच हाती देऊ नये. जागा, वीज व वर्षाचा निधी नगरपरिषदेने द्यावा. रोजचे चालवणे त्याच भागातल्या महिला बचत गटाकडे द्यावे. त्या बायका म्हाताऱ्यांना ओळखतात, कोणाला साखर चालत नाही आणि कोणाची सून माहेरी गेली आहे, हे त्यांना न विचारता ठाऊक असते. हिशेब व देखरेख ज्येष्ठ नागरिक संघाने पाहावी, तेथे त्यांचा अनुभव सोन्यासारखा आहे. करार निदान तीन वर्षांचा असावा. ज्येष्ठांची एक समिती असावी, तीत निम्म्या बायका असाव्यात, आणि केंद्र नीट चालत नसेल तर करार मोडा, असे सांगण्याचा अधिकार तिला असावा. आणि सलग तीन दिवस कोणी आले नाही, तर चौथ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन चौकशी करणे, ही अट करारात लिहिलेली असावी. मला विचाराल तर बाकीच्या अटी कमी-जास्त झाल्या तरी चालतील, ही एक मात्र सुटता कामा नये.

पैशाचे काय, असे कोणी म्हणेल. मी माझ्यापुरता अंदाजी हिशेब मांडून पाहिला. चाळीस माणसांचे केंद्र, दुपारी बारा ते चार, महिन्याला पंचवीस दिवस. दोन बायकांना प्रत्येकी ९,००० प्रमाणे १८,००० रुपये. चहा व थोडे खाणे माणशी १५ रुपये, म्हणजे १५,०००. वीज, सामान, किरकोळ ३,०००. महिन्याचे झाले ३६,०००. म्हणजे एका म्हाताऱ्या माणसामागे दिवसाला ३६ रुपये. हिशेबात दोन-चार रुपये इकडेतिकडे होतील. पण जे गाव उत्सवाला कमानी उभारते, त्याला हे परवडत नाही असे म्हणता येणार नाही.

आता आपल्याविषयी. शंभर विद्यार्थ्यांचे राष्ट्रीय सेवा योजनेचे एक युनिट असते आणि प्रत्येकाने वर्षाला १२० तास काम करायचे असते. शंभरांचे झाले बारा हजार तास. केंद्र रोज चार तास, वर्षाचे ३०० दिवस उघडे ठेवले, तर त्याला लागतात बाराशे. म्हणजे आपल्या तासांचा फक्त दहावा हिस्सा दिला, तर केंद्रात प्रत्येक तासाला एक विद्यार्थी हजर राहू शकतो. अर्ज भरायला, पत्र वाचून दाखवायला, परगावच्या मुलाला फोन लावून द्यायला. नव्या शैक्षणिक धोरणात समाजात जाऊन केलेल्या कामाला श्रेयांकही मिळतात. झाडे लावून त्यांचे फोटो काढण्यापेक्षा हे काम कठीण आहे, कारण म्हातारे माणूस दुसऱ्या दिवशी 'काल का आला नाहीस' असे विचारते. झाड विचारत नाही.

आपल्या गावाला हे अवघड वाटू नये. दरवर्षी ऋषिपंचमीला गणपतीचा रथ निघतो. तो ओढायचा ठेका कोणाला दिलेला नसतो. मात्र दोर कोणी धरायचा, वाट कोणी मोकळी करायची, चाकाजवळ कोणी राहायचे, हे आधी ठरलेले असते. सगळे ओढतात म्हणून कोणीच जबाबदार नाही, असे होत नाही. विरंगुळा केंद्राला हीच रीत हवी. सर्वांचा हात, पण प्रत्येकाचे काम ठरलेले.

हा लेख लिहून झाल्यावर मी आजीला त्याचा मतलब सांगितला. तिला बचत गट पटला, हिशेब पटला. तीन दिवस न आल्यास चौकशीला यायची अट ऐकून ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तिसऱ्या दिवशीच येऊ दे की. चौथ्यापतुर कशाला थांबतात?"

मी ती दुरुस्ती मान्य केली आहे. ज्यांच्या हाती ही केंद्रे आहेत त्यांनीही ती मान्य करावी, आणि प्रस्ताव मागवण्यापूर्वी एकदा उंबऱ्यातल्या माणसांना विचारावे, एवढीच माझी नम्र विनंती आहे.